गिरणीचा शेअर घेण्यापूर्वी कापसाचा भाव पाहा

कापडाच्या धंद्यात मुरलेली आपली माणसे शेअर घेताना मात्र दुसऱ्याच्या टिपेवर विसंबतात. खरी खबर तर आपल्या पेढीवरच येत असते.

सूतगिरणीचा नफा म्हणजे मुख्यतः कापूस आणि सूत यांच्या भावातील फरक. कापूस चढू लागला की गोदामातील स्वस्त मालामुळे नफा फुगतो, शेअरही वर जातो. २०११ साली आम्ही इथेच फसलो. मार्चमध्ये कापूस खंडीला, म्हणजे ३५६ किलोंना, ६०,००० रुपयांवर गेला आणि काही महिन्यांतच कोसळला. गोदामात महाग कापूस, बाजारात स्वस्त सूत! त्यातच रिझर्व्ह बँकेने मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात १३ वेळा व्याजदर वाढविले. कर्जावर चालणाऱ्या गिरणीचा उरलासुरला नफा व्याजात गेला. घरासाठी ठेवलेली आमची रक्कम निम्मी झाली.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात : कापूस-सुतातील फरक वाढतो की घटतो, ताळेबंदात साठा व कर्ज किती, आणि व्याजदर कोणत्या दिशेला आहेत. सूत महागले, पण भिवंडी-मालेगावच्या मागांवरील कापडाला गिऱ्हाईक नसेल, तर ती तेजी टिकत नाही. अशा वेळी हात आखडता घ्यावा.