कुवेतचे हवामान : तीन अक्षरांत

जर्मन-रशियन शास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांच्या जागतिक हवामान वर्गवारीत कुवेत ‘बीडब्ल्यूएच’ गटात येते. ‘बी’ म्हणजे कोरडे, ‘डब्ल्यू’ म्हणजे वाळवंटी (जर्मन भाषेत ‘व्यूस्ट’) आणि ‘एच’ म्हणजे उष्ण. आपले सोलापूर ‘बीएसएच’, म्हणजे उष्ण पण निमकोरडे. तेथे निदान ज्वारी पिकते.

ही वर्गवारी पाऊस व तापमान यांच्या सरासरीवर आधारलेली आहे. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे पारा ५३.९ अंश सेल्सिअसवर गेला. असा दिवस सरासरीत दिसत नाही. तो सोसावा लागतो उघड्यावर राबणाऱ्यांना. १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उन्हात काम करवून घेण्यास येथे बंदी आहे. आपल्या कामगार बांधवांनी हा नियम आपला हक्क म्हणून ध्यानात ठेवावा.