०.५, ८ आणि २६: कुत्रीच्या नसबंदीचे आकडे काय सांगतात?

परवा एका ताईंचा फोन आला. “पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका अर्धा टक्का, दुसऱ्या माजानंतर २६ टक्के, असं वाचलं. आमची तर दोनदा माजावर येऊन गेली. म्हणजे चारातल्या एकीला कॅन्सर होणारच का?”

नाही हो. पण हा गैरसमज त्यांचा एकट्यांचा नाही, शिकलेली मंडळीही हेच सांगतात.

हे आकडे १९६९ सालचे, श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासातले. त्यात तुलना आहे ती ऑपरेशन न केलेल्या कुत्रींशी. समजा (नुसत्या हिशोबासाठी हं!) अशा हजारांपैकी १०० जणींना कॅन्सर होतो. तर दुसऱ्या माजानंतर ऑपरेशन केलेल्या हजारांत तो होईल २६ जणींना, हजाराच्या २६ टक्क्यांना म्हणजे २६० जणींना नव्हे. पहिल्या माजानंतर केलं तर ८ जणींना, आणि त्याआधीच केलं तर जेमतेम एखादीला.

असं का व्हावं? माज सरला की गर्भ असो-नसो, कुत्रीच्या शरीरात साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढं राहतं आणि स्तनग्रंथींच्या पेशी वाढतात. म्हणूनच कधीकधी पिल्लं नसतानाही दूध येतं. (ते पिळू नका, पिळलं की आणखी येतं.)

आता दुसरी बाजू. २०१२ मध्ये बोव्हे आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे सगळे अभ्यास तपासले. निकषांत बसले फक्त १३, त्यातल्या ९ मध्ये पूर्वग्रहाची शक्यता जास्त. पुरावा कमकुवत आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. म्हणजे फायदा नाही असं नव्हे, पण ‘०.५’वर दगडावरच्या रेघेसारखा विश्वास ठेवू नये. मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केल्यास सांध्यांच्या तक्रारी वाढू शकतात, तेही डॉक्टरांशी बोलावं. मांजरीबाबत मात्र मी लवकरच करा म्हणेन, कारण तिच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात. कुत्रीत हे प्रमाण साधारण निम्मं.

ताईंना मी एवढंच सांगितलं: महिन्यातून एकदा तिला उताणी झोपवा आणि काखेपासून जांघेपर्यंत बोटं फिरवा. कुत्रीला सहसा पाच जोड्या असतात, मांजरीला चार. मागच्या जोड्या नीट चाचपा, कुत्रीत गाठी तिथेच जास्त होतात. वाटाण्याएवढी लागली तरी ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको.