छत कधी उघडायचे, कधी नाही

महिंद्राची थार नाशिकमध्ये तयार होते, हे नाशिककर हक्काने सांगतात. 2 ऑक्टोबर 2020 रोजी नवी थार बाजारात आली तेव्हा पक्क्या छताच्या गाडीबरोबर दुमडता येणाऱ्या कापडी छताचीही गाडी मिळू लागली. ती कापडी छताची थार गंगापूर रोडवर छत लावून जाताना दिसली की कुणीतरी म्हणतेच, ‘उघडायचंच नाही, तर घेतली कशाला?’ आणि छत उघडून निघाली की म्हणतात, ‘बघा, मिरवायला निघाले.’ दोन्ही शेरे ऐकीव समजुतींवर उभे आहेत. छत उघडायचे की नाही हे हौसेपेक्षा ऊन, वेग, हवा आणि कापड या गोष्टींवर ठरते, आणि त्या नीट समजून घेण्याजोग्या आहेत.

उघडी गाडी आपल्याकडे नवी नाही. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे कमांडर, मार्शल अशा गाड्या आल्या, मारुतीची जिप्सी आली. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी उघडी गाडी तयार झाली, तिला रेनोचे इंजिन होते. जीपवर कापडी हूड असायचे ते हलके आणि स्वस्त म्हणून. गावाकडच्या जीपला हूड का लावले, का काढले, असे कुणी विचारत नव्हते. पक्के छतही मिळत असताना कुणी कापडी छत निवडतो, तेव्हा लोकांना प्रश्न पडतो.

गैरसमज: उन्हाळा म्हणजे छत उघडायचा हंगाम

हा समज सिनेमातून आला. युरोपातल्या किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर भर उन्हाळ्यात उघडी गाडी पळताना आपण पाहिली आहे. तिथला सूर्य आपल्याइतका वर चढत नाही. नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे 20 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. अशा वेळी उघड्या गाडीत कोणतीही सीट सावलीत नसते.

‘गाडी पळाली की वारा लागेल’ हे उत्तर इथे चालत नाही. आपल्या त्वचेचे तापमान साधारण 33 ते 35 अंश असते. हवा 40 अंशांवर गेली की वारा अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट बाहेरची उष्णता अंगावर आणतो. गारवा वाटतो तो फक्त घाम सुकल्यामुळे, आणि तो घाम इतका झपाट्याने सुकतो की अंगातले पाणी कमी होतेय हे कळत नाही. डोके दुखू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी छत लावून एसी चालवणारा माणूस गाडीचा अपमान करत नसतो, शहाणपणाने वागत असतो.

नाशिकचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंशांवर असतो. ऊन तिरपे आणि ऊबदार असते. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी साडेचारपासून सूर्यास्तापर्यंत, ही या शहरातली छत उघडायची सर्वोत्तम वेळ. उन्हाळ्यातही एक वेळ आहे, पण ती रात्रीची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर असल्याने मेमध्येही रात्री आठ-नऊनंतर हवा बदलते. तेव्हा गंगापूर धरणाच्या बाजूला छत उघडून गेले तर एसीची आठवणही होत नाही.

जगातला अनुभवही हेच सांगतो. ब्रिटन आणि जर्मनी हे थंड, ढगाळ देश उघड्या गाड्यांच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. कोवळे ऊन पडले की तिथले लोक लगेच छत उघडतात. भर वाळवंटातल्या शहरात मात्र दुपारी उघडी गाडी सहसा दिसत नाही.

गैरसमज: थंडीत छत उघडून हीटर लावणे म्हणजे वेडेपणा

निफाडचा पारा हिवाळ्यात 5 अंशांच्याही खाली जातो हे आपण दरवर्षी बातम्यांत वाचतो. अशा पहाटे उघडी गाडी नकोच. पण 12-15 अंशांच्या सकाळी ती छान चालते, फक्त बसायची रीत माहीत हवी.

पुढच्या काचेवरून हवा वर फेकली जाते आणि काचेच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते. ती भरायला हवा मागून वळून पुढे येते. म्हणून उघड्या गाडीत थंडी समोरून नाही, मानेमागून लागते. दारांच्या काचा वर ठेवल्या की बाजूने येणारी हवा अडते. खालून हीटरची ऊब पायांवर सोडली की कमरेपर्यंतचा भाग गरम राहतो. छत उघडे आणि काचा बंद, हे बघणाऱ्याला विचित्र वाटते, पण योग्य तेच आहे. मर्सिडीजने 2004 च्या एसएलके गाडीत सीटच्या डोके टेकायच्या भागातून मानेवर गरम हवा सोडायची सोय दिली, ती याच कारणासाठी. थारमध्ये अशी सोय नाही, तिथे मफलर बांधायचा.

12 अंशांच्या हवेत ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा थेट अंगावर आला तर थंडी साधारण 8 अंशांसारखी जाणवते. पुढच्या सीटवर काच ते बरेचसे वाचवते, मागच्या सीटवर नाही. मागे आजी-आजोबा किंवा लहान मूल बसले असेल तर छत लावावे, एवढे साधे आहे. सर्दी मात्र वाऱ्याने होत नाही, ती विषाणूंनी होते.

गैरसमज: ही पावसात उघडी न्यायची गाडी आहे

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. थारची फरशी धुता येते, पाणी काढायला तिला बुचे आहेत, स्क्रीनला शिंतोड्यांपासून संरक्षण आहे. हे वाचून लोक इगतपुरीच्या पावसात छत उघडतात. कंपनीने त्या स्क्रीनसाठी दिलेला दर्जा रिमझिम आणि उडणारे पाणी सोसण्याचा आहे, कोसळणारा पाऊस सोसण्याचा नाही. नाशिक शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तासाभरावरच्या इगतपुरीत तो 3000 च्या घरात जातो. शहरातून निघताना भुरभुर असते, घाटाच्या तोंडाशी धो धो असते, आणि कापडी छत तर थांबून हाताने ओढून लावायचे असते.

‘वेगात असलं की पाणी वरून जातं’ असेही सांगतात. यात थोडे तथ्य आहे, पण ते खुज्या, तिरप्या काचेच्या दोन सीटच्या गाड्यांपुरते. तिथे ताशी 80 च्या आसपास थेंब डोक्यावरून पुढे जातात. थारची काच जवळपास उभी आणि मागची जागा मोठी आहे, त्यामुळे पाणी आत येतेच. आणि त्या खुज्या गाडीलासुद्धा द्वारका चौकात थांबावे लागते.

पावसाळी घाटात खरा धोका वेगळा असतो. पुढची काच आतून ओली झाली की वायपरचा उपयोग नसतो. धुके, समोरून ट्रक आणि आतून धूसर काच, असे कसाऱ्याच्या उतारावर कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

गैरसमज: छत लावले की गाडी सुरक्षित

लोकांचा समज असा की गाडी उलटली तर छत वाचवील. कापड काहीही वाचवत नाही. वजन पेलतो तो सांगाड्यातला लोखंडी पिंजरा, आणि तो छत उघडे असो की लावलेले, तिथेच असतो. म्हणजे कापडी छताच्या गाडीत उलटण्याच्या धोक्यापुरता उघड्या-बंदचा फरक नगण्य आहे. खरा फरक बेल्टमुळे पडतो.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2020 मध्ये उघड्या गाड्या आणि त्यांच्याच बंद आवृत्त्या यांची तुलना केली. उघड्या गाड्यांतल्या चालकांचे मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. पण चालक दगावलेल्या अपघातांत गाडीबाहेर फेकले गेलेले चालक उघड्या गाड्यांत 21 टक्के होते, बंद गाड्यांत 17 टक्के. अमेरिकेचे रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या. तरी बाहेर फेकले जाण्याचा धोका वाढतो, हे आपल्यालाही लागू आहे. मिरवणुकीत किंवा वरातीत मागच्या सीटवर उभे राहून हात हलवणारी मुले पाहिली की माझा जीव खाली-वर होतो. वेग कमी असतो म्हणून चालते, असे सगळे म्हणतात. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर उभ्या माणसाला धरायला काहीच नसते. बेल्ट न लावल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात 1000 रुपये दंड आहे, पण तो दंड हे बेल्ट लावायचे फार छोटे कारण आहे.

महामार्गाबद्दल थोडे. मोठ्या रस्त्यावरच उघड्या गाडीची खरी मजा, असे वाटते. प्रत्यक्षात तिथेच ती सर्वांत कमी असते. ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी 2009 मध्ये केलेल्या मोजणीत ताशी 80 किलोमीटरच्या पुढे उघड्या गाडीत 88 ते 90 डेसिबल आवाज मिळाला. 85 डेसिबल आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास. समृद्धी महामार्गावरून नागपूरला निघालेल्याने छत लावावे, कानांसाठी आणि इंधनासाठीही, कारण वेग वाढला की उघड्या गाडीला हवा जास्त अडवते. याच मार्गावर मुंबईच्या बाजूला, इगतपुरीजवळच्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यात तर धूर आणि घुमणारा आवाज दोन्ही गोळा होतात. याउलट अंजनेरीकडे जाणारा त्र्यंबक रस्ता किंवा पेठ रोडवरची वळणे ताशी 40-50 ने घेतली तर सीटवर बसल्याबसल्या बोलताही येते. उघडी गाडी हळू चालवायची असते.

दिंडोरी-पिंपळगावच्या बाजूला एक गोष्ट बाहेरच्या पर्यटकांना ठाऊक नसते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरचे ब्लोअर ऊन-वारा कमी असताना, म्हणजे नेमके सकाळी आणि संध्याकाळी चालतात. आपली छत उघडायची वेळ तीच. फवाऱ्याचे तुषार रस्त्यापर्यंत येतात. बागेत ब्लोअरचा आवाज ऐकू आला की पुढच्या मोकळ्या जागेत थांबून छत लावणे हाच उपाय. शहरात मुंबई नाक्याच्या सिग्नलवर बसच्या धुराशेजारी उभे राहायचे असेल तेव्हाही तेच. रोज ऑफिसला जाणारा मालक छत बंद ठेवतो ते धूळ, धूर आणि सीटवर ठेवलेली लॅपटॉपची बॅग यांच्यामुळे.

गैरसमज: पक्के छत काढून कापडी लावता येते

गॅरेजवाले ‘होऊन जाईल’ म्हणतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. उलटा बदलही यातच येतो. कापडी छताच्या थारवर पक्के छत आणि मोठे टायर बसवणाऱ्या एकाला श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयाने 2022 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. मात्र त्याला हमीपत्रावर सोडले. विम्याचा दावाही अशा बदलामुळे अडू शकतो. घेतानाच नीट ठरवावे.

आता कापडाविषयी. ओले छत दुमडून ठेवले की आत बुरशी धरते आणि वास जात नाही. धुळीचे छत दुमडले की धुळीचे कण पॉलिश पेपरसारखे घासतात आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या दोन वर्षांत धूसर होतात. त्या खिडक्या कोरड्या फडक्याने पुसू नयेत, आधी पाण्याने धूळ धुवावी. कडाक्याच्या पहाटे प्लॅस्टिक ताठ झालेले असते, तेव्हा दुमडू नये; तडा जातो. चेनला सिलिकॉन लावावे. गणपतीनंतर पाऊस ओसरला की एक दिवस गाडी उन्हात उभी करून छत पूर्ण वाळू द्यावे, मग पहिल्यांदा उघडावे.

मग महिन्यातून चार-पाच वेळाच उघडायचे असेल तर कापडी छत घ्यावे का? घरी छपराखाली गाडी लावायची सोय असेल, मागच्या सीटवर रोज कुणी बसणार नसेल आणि थंडीतल्या सकाळी बाहेर पडायची आवड असेल, तर माझे उत्तर हो असे आहे. गाडी रस्त्यावरच उभी राहणार असेल आणि रोज मुंबईला जा-ये असेल, तर पक्के छत घ्यावे.