आठ पायांचा भाडेकरू : टॅरँट्युलाचं घर कसं लावायचं?

आजचा विषय जरा केसाळ आहे. माझ्याकडे, इथे म्युनिकमध्ये, एक मेक्सिकन रेड नी टॅरँट्युला आहे, ब्राचिपेल्मा हमोरी. नाव ठकू.

आधी माझी चूक सांगतो. मी तिला माशांच्या उंच टाकीत ठेवलं, खाली जेमतेम दोन बोटं माती. दिसायला झकास! एका रात्री ती काचेवर चढली आणि धप्पकन पडली. वाचली, पण नशिबाने. या कोळ्याचं पोट म्हणजे पाण्याने भरलेला फुगा समजा. पडून फाटलं की जीव जाऊ शकतो.

म्हणून पहिला नियम: जमिनीवर राहणाऱ्या प्रजातीला उंची नको, खोली द्या. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. हिशोब सोपा आहे. ठकूचा पसारा 14 सेंमी, म्हणजे जास्तीत जास्त 21. डबा 30 सेंमी उंच, म्हणून माती 10 सेंमी. लांबी पसाऱ्याच्या साधारण तिप्पट, रुंदी दुप्पट. झाडावर राहणाऱ्या प्रजातींचं उलटं: त्यांना उभा डबा आणि सालीचा तुकडा लागतो.

आता माती. कोकोपीट, म्हणजे आपल्या नारळाच्या सोडणाचा भुसा, बेस्ट. त्यात खत नसलेली साधी माती मिसळली की बीळ ढासळत नाही. भिजवून मुठीत दाबा: गोळा व्हायला हवा, पण पाणी टपकायला नको. मग दाबून भरा आणि वरचा थर सुकू द्या. नुसती वाळू, टोकदार खडे, देवदार किंवा पाइनचा भुसा नको. त्या लाकडांतली तेलं घातक ठरतात.

रेड नीला कोरडं आवडतं. एक कोपरा किंचित ओलसर आणि पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली, एवढं पुरे. लपायला अर्धी करवंटी ठेवा. हवेसाठी डब्याच्या बाजूंना बारीक भोकं पाडा. जाळीच्या झाकणात नख्या अडकतात.

आणि खालून हीट मॅट? अजिबात नको. निसर्गात उकडलं की ती खाली खणत जाते. तळच तापला तर जाणार कुठे? आपल्याला बरं वाटतं ते तापमान तिलाही चालतं.

शेवटचं. ब्राचिपेल्मा सायटीसच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे बंदिस्त पैदाशीचा कागद मागाच. भारतात 2022 च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. आणि सह्याद्रीत ट्रेकला बिळात कोळी दिसला, तर फोटो काढा आणि पुढे चला. त्याचं घर आधीच लावलेलं आहे.

भेटू पुढच्या भागात!