वाट पाहण्याचं वेळापत्रक

वर्ष नेमकं सुरू कधी होतं? आपल्याकडे याचं एकच एक उत्तर कधीच नव्हतं. पंचांग गुढीपाडव्याला बदलतं, व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला, सरकारचा हिशेब १ एप्रिलला, शाळेचं वर्ष जूनमध्ये आणि भिंतीवरचं कॅलेंडर १ जानेवारीला. या यादीत आणखी एक वर्ष धरायला हवं. पैठण रस्त्यावर बिडकीनच्या आसपास कापसाची वेचणी चालू असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागतं, त्या दिवसांत औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या कॅथलिक चर्चमध्ये नवं वर्ष लागतं. त्याला ना फटाके, ना शुभेच्छापत्रं. उलट वेदीवरची फुलं कमी होतात, फादरांचा झगा जांभळा होतो आणि रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे मुख्य उपासनेतलं, एक गाणं बंद होतं. वर्षाचा आरंभच वाट पाहण्यापासून. या दिवसांना आगमनकाळ म्हणतात.

आगमनकाळ किती दिवसांचा? इथेच पहिली गंमत आहे. नियम साधा आहे: ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाला, जो रविवार सर्वांत जवळ पडेल तिथून सुरुवात; नाताळापर्यंत चार रविवार झालेच पाहिजेत. नाताळची तारीख पक्की, वार मात्र दरवर्षी सरकणारा. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा होतो, तर कधी २८. २०२२ साली तो २७ नोव्हेंबरला लागला आणि पुरे चार आठवडे चालला. पुढच्याच वर्षी ३ डिसेंबरला लागला आणि तीन आठवडे होऊन जेमतेम एक दिवस वर, एवढ्यात आटोपला.

वर्ष बदललं की वाचनंही बदलतात. रविवारच्या शुभवर्तमानाचं चक्र तीन वर्षांचं आहे: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहानाचं शुभवर्तमान या तिन्ही वर्षांत जागोजागी वाटलेलं असतं. ३० नोव्हेंबर २०२५ला मत्तयचं वर्ष लागलं. त्या रविवारी रोम, मनिला, वसई आणि मराठवाड्यातलं एखादं लहानसं चर्च, सगळीकडे एकच उतारा आपापल्या भाषेत वाचला गेला.

हे वेळापत्रक कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. इ. स. ३८० मध्ये स्पेनमधल्या सारागोसा इथल्या धर्मसभेने सांगितलं, की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत कुणी चर्चला गैरहजर राहू नये. पुढे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करायची रीत पडली. रोमने चार रविवार धरले. मिलान शहराने मात्र आपली जुनी परंपरा सोडली नाही. तिथे आजही सहा रविवारांचा आगमनकाळ पाळतात. एकाच धर्मात, एकाच देशात, एका शहराची वाट पाहणं दोन आठवड्यांनी लांब!

आता त्या बंद झालेल्या गाण्याकडे येऊ. एरवी रविवारच्या मिस्सेत देवाचं गौरवगीत होतं. आगमनकाळातल्या रविवारी ते गात नाहीत. कारण मोठं मार्मिक आहे. या गीताची पहिली ओळ बेथलेहेमच्या रात्री देवदूतांच्या तोंडी येते. जन्मच अजून व्हायचा आहे, तर जन्माची बातमी आधी कशी गायची? म्हणून ते गीत राखून ठेवायचं आणि २४ डिसेंबरच्या रात्री घंटा वाजवत पुन्हा सुरू करायचं. वेदीवरच्या फुलांना आणि वाद्यांनाही या काळात आवर घालावा, असं उपासनेचे नियमच सांगतात. नाताळाची रोषणाई सगळ्यांना दिसते, पण तिच्याआधी महिनाभर काय काय काढून ठेवलेलं असतं ते चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्यालाच कळतं. तिसऱ्या रविवारी जरा सूट मिळते. तो आनंदाचा रविवार. त्या दिवशी फादर गुलाबी झगा घालू शकतात. हा रंग वर्षातून दोनदाच निघतो, एकदा इथे आणि एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या मध्यावर. दोन दिवसांसाठी वेगळा झगा शिवणं एखाद्या चर्चला परवडलं नाही, तर जांभळाही चालतो.

वेदीजवळ हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या दिसतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. ही रीत फार पुरातन असेल असं वाटतं, पण तिचं मूळ १८३९ सालच्या हॅम्बुर्गमध्ये आहे आणि तिचा कर्ता कॅथलिक नव्हे, प्रोटेस्टंट होता. योहान हिन्रिख विखर्न हे धर्मशास्त्रज्ञ निराधार मुलांचं घर चालवत. नाताळला किती दिवस उरले, हे मुलं सारखी विचारत. विखर्ननी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान लाल मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. त्या वर्षी आगमनकाळ १ डिसेंबरलाच लागला होता, म्हणून चोवीस. कॅथलिक चर्चमध्ये ही प्रथा रुजली ती विसाव्या शतकात. फरची झाडं नाहीत तिथे मोरपंखीच्या किंवा सुरूच्या डहाळ्यांनी काम भागतं.

चौथ्या रविवारी हे कडं जवळ जाऊन पाहावं. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळलेली असते, म्हणून सर्वांत बुटकी. दुसरी तिच्याहून थोडी उंच, तिसरी आणखी उंच, चौथी जवळजवळ कोरी. किती वाट पाहून झाली, ते मेणाच्या उंचीवरून मोजता येतं.

मेणबत्त्यांमागचा युरोपातला अंधार आपल्याकडे मात्र जसाच्या तसा लागू पडत नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला हॅम्बुर्गात दिवस साडेसात तासांच्या आसपास असतो. बिडकीनला तोच जवळपास अकरा तासांचा. हॅम्बुर्गात डिसेंबरच्या मध्यापर्यंत सूर्यास्त रोज थोडा थोडा अलीकडे येत राहतो. आपल्या अक्षांशावर सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातच होऊन जातो आणि नाताळपर्यंत संध्याकाळ काही मिनिटांनी लांबलेली असते. म्हणजे पहिली मेणबत्ती पेटते त्या सुमारासच इथली संध्याकाळ मागे वळायला लागते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच उजाडत राहते.

या आकाशाशी चर्चने एक सुंदर सांधा जुळवला आहे. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मसीहाला सात वेगवेगळ्या नावांनी हाक मारणारी सात प्राचीन आळवण्या होतात. त्यात २१ तारखेचं नाव आहे उगवता सूर्य. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या उंबरठ्यावर नेमकी ही हाक!

१७ डिसेंबरलाच आगमनकाळाचा सूर बदलतो. तोवर वाचनांमध्ये यशया संदेष्टा, योहान बाप्तिस्ता आणि ख्रिस्ताचं पुन्हा येणं असतं. त्या दिवसापासून थेट जन्माची तयारी. तो दिवस रविवार नसेल तर मत्तयच्या शुभवर्तमानातली वंशावळ वाचतात. अब्राहामपासून येशूपर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, नुसती नावांवर नावं. ऐकणारा पेंगायला लागतो, तोच पुरुषांच्या त्या रांगेत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको ही नावं येतात. कुणी परक्या मुलखातली, कुणाबद्दल लोकांनी नाना गोष्टी बोललेल्या. वंशावळ लिहिणाऱ्याने त्यांना वगळलं नाही. औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला तोही १७ डिसेंबरलाच, १९७७ साली.

जिल्ह्यातल्या कॅथलिक मिशनची पाळंमुळं त्याहून जुनी. फ्रान्समधल्या अ‍ॅनसीहून आलेल्या, संत फ्रान्सिस दि सेल्सच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावात काम सुरू केलं. मराठवाड्यात धर्मग्राम म्हणजे एक चर्च आणि त्याला जोडलेली बरीच गावं, असा पसारा असतो. एका फादरांना एका रविवारी सगळीकडे मिस्सा करणं जमत नाही, म्हणून आगमनकाळात गावांच्या पाळ्या लागतात. नाताळाआधी पापनिवेदन व्हायला हवं, आजाऱ्यांकडे जायला हवं, पेटी-ढोलकीवर गाणी बसवायला हवीत, पोरांना गव्हाणीसाठी माती, वाळलेलं गवत नि चांदणी जमवायला हवी. गव्हाणीत मेंढपाळ येतात, मारिया-योसेफ येतात. बाळाची जागा मात्र रिकामी ठेवतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या घरांचा हंगाम ऐन या दिवसांत भरात असतो. त्यांच्या माणसांना नाताळ फडावरच येतो आणि गावाकडच्यांना वाट पाहायला आणखी एक कारण मिळतं.

या काळाला साजेसा मराठी ग्रंथ चारशे वर्षांपासून आपल्याकडे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. ख्रिस्ताचं जगात येणं, हाच त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा विषय. त्यातलं पहिलं पुराण ३६ अध्यायांचं, सृष्टीच्या आरंभापासून मसीहाची वाट पाहण्याचं. येशूचा जन्म होतो तो दुसऱ्या पुराणात. आणि छंद कोणता, तर ओवी. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा बिडकीनच्या पुढे, त्याच रस्त्यावरच्या पैठणचे एकनाथ महाराज भागवताचा अकरावा स्कंध ओवीत आणून मोकळे झाले होते. एकनाथांची समाधी १५९९ची. स्टीफन्स इकडे आल्यानंतरची वीस वर्षं हे दोघे एकाच काळात जगले, एकाच छंदाचे झाले.

चार रविवार म्हणजे चार आठवडे, हा हिशेब २०२८ साली पुन्हा पुरता कोलमडणार आहे. त्या वर्षी नाताळ सोमवारी येतो, म्हणून चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी. सकाळी जांभळा झगा, चौथी मेणबत्ती आणि गौरवगीताला बंदी. अंधार पडला की पांढरा झगा, फुलं आणि तेच गीत घंटांच्या गजरात. वाट पाहणं संपवून सण मांडायला चर्चमधल्या मंडळींच्या हाती फक्त एक दुपार उरेल. गव्हाणी मात्र आदल्या दिवशीच बांधून ठेवलेली बरी.