आज्ञावलींची झडती

आजचा विषय कोणाला रूक्ष वाटेल. परंतु मोबाइलवरून बँकेचा व्यवहार करणारा प्रत्येक जण त्यात गुंतलेला आहे. संगणकाला दिलेल्या आज्ञांत, म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतो त्यात, एखादी फट राहिली तर ती शोधावी कोणी आणि केव्हा, असा हा प्रश्न आहे.

ओपन-एसएसएल नावाची एक आज्ञावली आहे. संकेतस्थळाशी होणारे आपले बोलणे गुप्त राखणे, हे तिचे काम. मार्च २०१२ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. तीत एक सोय होती. पलीकडचे यंत्र जागे आहे ना, हे पाहण्यासाठी काही अक्षरे पाठवायची आणि ‘ही इतकी अक्षरे आहेत, तशीच परत कर’ असे सांगायचे. आता एखाद्या लबाडाने अक्षर एकच पाठवले आणि आकडा मात्र ६४ हजारांचा सांगितला तर? यंत्राने मोजून पाहिलेच नाही! आकड्यावर विश्वास ठेवून त्याने उरलेली भरती आपल्या स्मृतीत शेजारी जे पडले होते त्यातून केली; मग त्यात कोणाचा पासवर्ड असो की गुप्त किल्ली असो. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकारानेही हा कोड वाचला होता. तरी ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने दोष जाहीर होईपर्यंत दोन वर्षे ती फट उघडीच होती.

माणसाचा डोळा चुकतो, म्हणून हे काम यंत्राकडे सोपवतात. नवा कोड मुख्य साठ्यात मिसळण्याआधी तपासनीस आज्ञावली आपोआप त्याची झडती घेते आणि गंभीर दोष दिसला की त्याला दारातच अडवते. बाहेरून आलेला आकडा पडताळणीविना स्मृतीपर्यंत पोहोचतो काय, याचा ती माग काढते. दुसऱ्यांच्या आज्ञावलींतून उसने घेतलेले भाग ज्ञात दोषांच्या यादीशी ताडणे हेही तिच्याकडेच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या उसन्या भागात मोठा दोष निघाला, तेव्हा आपण तो वापरतो हेच कित्येक संस्थांना ठाऊक नव्हते. तिसरा मार्ग जरा दांडगाईचा: वेड्यावाकड्या माहितीचा मारा करून आज्ञावली कोसळते का ते पाहायचे. गूगलने २०१६ मध्ये मुक्त आज्ञावलींसाठी अशी अखंड सेवाच सुरू केली.

मात्र तपासनिसाला शिकवले असेल तेवढेच दिसते. कोड वाचणारी साधने २०१४ पूर्वीही होती; हार्टब्लीडपुढे ती मुकी राहिली, आणि नंतर त्यांच्यात नवे नियम घालावे लागले.

याउलट, यंत्राची तक्रार मुकाट्याने ऐकल्यानेही घात होतो. २००६ मध्ये डेबियन या प्रणालीत असेच झाले. काही ओळी कोरी स्मृती वाचतात, अशी एका साधनाची कुरकुर होती. म्हणून त्या काढून टाकल्या. साधन गप्प झाले. पण गुप्त किल्ल्यांना लागणारी अनिश्चितता नेमकी त्यांपैकी एका ओळीतून येत होती! परिणामी एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ च संभवू लागल्या. संगणकाने एकेक लावून पाहाव्यात इतक्या थोड्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, आणि मधल्या काळात तेथे अशा रीतीने घडवलेल्या किल्ल्या मोडीत काढाव्या लागल्या.