दुय्यम आसनाची प्रतिष्ठा

दिघा गाव स्थानकातून लोकलने नेरूळ गाठले की डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुल जवळच आहे. २०१७ मध्ये तेथे सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. त्याच वर्षी मुंबई एफसीचे माजी प्रशिक्षक खालिद जमील यांनी मिझोरममधील ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

पुढे मात्र नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये त्यांनी परदेशी मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली साहाय्यकपद स्वीकारले. पेढीवरचा मुनीम मालकाच्या नावाने व्यवहार करतो. पण प्रत्येक खात्याची नस त्यालाच ठाऊक असते. साहाय्यक प्रशिक्षकाचेही तसेच. सराव घेणे, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणे, संधी न मिळालेल्या खेळाडूचे मन सांभाळणे ही कामे त्याची. श्रेय बहुधा दुसऱ्याचे.

जानेवारी २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक पायउतार झाले. हंगामी सूत्रे जमील यांच्याकडे आली आणि साखळीतील उरलेला एकही सामना न गमावता संघ उपांत्य फेरीत पोहोचला. त्याच वर्षी ते आयएसएलमधील पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे.

वडिलांच्या शेजारी दुकानात बसणाऱ्या तरुणाने हे ध्यानी घ्यावे: दुय्यम आसनावर खाते नीट वाचलेले असेल, तर गादी मिळाल्यावर गोंधळ होत नाही.